गोळी आणि वर कपभर कॉफी

धाकटी गोळ्या फेकून देते, हा शोध आमच्या सासूबाईंनी लावला. माझ्या या धाकट्या जावेला सातवा महिना लागला होता, ओठ पांढरेफटक पडले होते आणि रक्त काही केल्या वाढत नव्हतं. डॉक्टरीणबाई दर खेपेला विचारायच्या, "लोहाची गोळी रोज घेतेस ना?" ती हो म्हणायची. घरी आल्यावर सासूबाई म्हणायच्या, "खोटारडी मेली!" आणि तिचा नवरा, म्हणजे माझा दीर, मोबाइलमध्ये तोंड खुपसून बसायचा.

मग पहारा बसला. रोज नाश्त्याच्या वेळी सासूबाई स्वतः गोळी तिच्या हातावर ठेवायच्या आणि वर कपभर दाट कॉफी. गोळी कडू लागते ना, म्हणून! "गीळ माझ्यासमोर. आता आ कर. जीभ उचल." पोटुशी बाई, आणि शेंबड्या पोरासारखी आ करून उभी! बघून माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

तरी रक्त जिथल्या तिथेच. या खेपेला तिच्याबरोबर मी गेले. डॉक्टरीणबाई वैतागल्या. "असंच राहिलं तर बाळंतपणात जिवावर बेतेल. गोळी घेतेस तरी कशाबरोबर?"

"कॉफीबरोबर."

बाईंनी कपाळावर हात मारला. कॉफीमुळे गोळीतलं लोह नीट अंगी लागत नाही, म्हणाल्या. दोन्हींत तास-दोन तासांचं अंतर हवं, गोळीबरोबर लिंबूपाणी चालेल. आता मात्र शिरेतून लोह द्यावं लागणार होतं.

धाकटी एवढंच म्हणाली, "ताई, मी खरंच घेत होते हो."

घरी येऊन मी सगळं सांगितलं. सासूबाई म्हणतात कशा, "मग डॉक्टरीणबाईंना आधी विचारायला हिला काय झालं होतं?" चोराच्या उलट्या बोंबा, त्या अशा!

"आईनं काळजीपोटीच केलं," दीर पुटपुटला.

"आणि तुमची काळजी कुठे होती, भावजी?" मी ओरडलेच.

सासूबाईंनी धाकटीपुढे बोट नाचवलं. "आता लिंबूपाण्याबरोबर घ्यायची. माझ्यासमोर!"

धाकटी उठली, खोलीत गेली आणि आतून कडी लावली. सासूबाई दार ठोठावू लागल्या.

"आई, मी खोटं बोलत नव्हते," आतून आवाज आला. "तेवढं म्हणा, मग दार उघडते."

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी हलले नाही. त्यांनी लेकाकडे पाहिलं.

तो उठून दाराशी आला. "म्हण, आई," तो म्हणाला.