खालच्या कप्प्यातली डबी

मित्रांनो, मी एक जुना फ्रीज आहे. काचेच्या दाराचा, खालून जरा गंजलेला, आणि चालू झालो की सगळं दुकान थरथरवणारा. हसू नका, एके काळी माझा काय तोरा होता!

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. दोन देशांनी व्यापाराचा करार केला, बाहेरून येणाऱ्या मालावरची जकात उठली, आणि गोड पेयांच्या बाटल्यांबरोबर मीही जहाजात चढलो. कंपनीने मला एका छोट्या किराणा दुकानात फुकट आणून ठेवलं. अट एकच होती. माझ्यात फक्त कंपनीच्याच बाटल्या राहतील. दुसरं काही सापडलं, तर मला उचलून नेणार.

बाटल्या पाण्यापेक्षाही स्वस्त. दुकानदारकाका खूश, मुलं खूश, आणि मी तर फुगूनच गेलो. कोपऱ्यावरचा सरबतवाला महिन्याभरात गाडी घेऊन कुठे गेला, हे विचारायला मला सवड नव्हती.

काकांची बहीण शेजारच्या खोलीत शिवणकाम करायची. तिला सगळे आत्या म्हणत. सकाळी एक बाटली, दुपारी दोन. "याच्याशिवाय माझं मशीन चालत नाही बाई," म्हणायची. मला किती बरं वाटायचं! काही वर्षांनी तिला सुईत दोरा ओवता येईना, पायाची जखम भरेना. डॉक्टर म्हणाले, साखरेचा आजार आहे. रोज इंजेक्शन घ्या, औषध थंड जागी ठेवा आणि आधी त्या बाटल्या बंद करा. आत्याकडे फ्रीज नव्हता. काकांच्या घरीही नव्हता.

काकांनी औषधाची डबी माझ्या खालच्या कप्प्यात, बाटल्यांमागे लपवली. मित्रांनो, मला स्वतःची लाज वाटली. माझ्या गारव्यानेच तिला सवय लावली होती, आणि आता त्याच गारव्यावर तिचं औषध टिकणार होतं. त्या दिवसापासून मी जीव तोडून गार राहिलो.

एकदा कंपनीचे तपासनीस आले. त्यांनी पुढची रांग सरकवली आणि डबी बाहेर काढली.

"हे काय? फक्त कंपनीचा माल ठेवायचा, ठरलंय ना आपलं?"

काकांचा चेहरा उतरला. पण ते शांतपणे म्हणाले, "बहिणीचं इंजेक्शन आहे, साहेब. तुमच्या बाटल्या पिऊन पिऊन हे दुखणं वाढलं. मग हाही तुमचाच माल धरा की."

तपासनीसांनी डबीवरची चिठ्ठी वाचली. मग त्यांनी ती परत ठेवली, बाटल्या नीट लावल्या आणि कागदावर 'सर्व ठीक' असं लिहिलं.

"मागच्या भिंतीला चिकटवू नका," ते हळूच म्हणाले. "गोठलं तर वाया जातं."

आता ती डबी खालच्या कप्प्यात पुढेच, दिसेल अशी असते, आणि आत्या माझ्या शेजारीच मशीन मांडून बसते. बाटल्या अजून स्वस्तच आहेत, मुलं अजून येतात. कुणी दार उघडलं की ती म्हणते, "घे हो, पण आधी खाली वाकून बघ."

"हे कुणाचं औषध, आत्या?"

"माझं. मीही वरच्याच कप्प्यापासून सुरुवात केली होती."

काही मुलं तरीही बाटली नेतात. काही हात मागे घेतात, मग आत्या त्यांना आपल्या तांब्यातलं पाणी देते. पूर्वी बाटली खपली नाही की मी हिरमुसायचो. आता नाही.

मित्रांनो, माझ्यासारखा फ्रीज उघडाल तेव्हा तुम्हीही जरा खाली वाकून बघा. आणि दार नीट लावा. आत्याचं औषध गार राहायला हवं.