चुकीचं वाक्य

खिडकीच्या उजेडात अनंतरावांच्या डोळ्यांतल्या बाहुल्या मिरीच्या दाण्याएवढ्या होत्या. ओसरीवरून बहिणीचा, कोकिळाचा, आवाज आला आणि त्या किंचित रुंदावल्या. उजेड तेवढाच होता. सुनंदाबाईंनी हातातलं चित्राचं कार्ड खाली ठेवलं. जन्मभर प्राणिशास्त्र शिकवलेल्या बाईच्या नजरेतून असं सुटत नाही.

अर्धांगवायूच्या झटक्याला वर्ष होत आलं होतं. हातपाय बरेचसे सावरले, वाचा मात्र परतली नव्हती. रोज सकाळी दार लावून, घर चिडीचूप ठेवून सुनंदाबाई नवऱ्याला कार्डं दाखवत. गाय, कप, केळं. ते पुटपुटत आणि जेवणापर्यंत विसरत. मुलगा प्रकाश इंदूरहून दर रविवारी फोनवर विचारी, "मग कायमचे येताय ना?" धडधाकट होते तेव्हाही अनंतराव यावर "बघू" म्हणत. आता तेवढंही येत नव्हतं. आणि बुऱ्हाणपूरचं घर सोडायचं की नाही, हे त्यांच्या तोंडून आल्याशिवाय ठरवायचं नाही, असं सुनंदाबाईंनी मनाशी धरलं होतं.

जसोंडी गावात दिलेली धाकटी नणंद कोकिळा आत येऊन भावाशेजारी ऐसपैस बसली.

"वयनी, लहानपनी तापी पोहून जैनाबादले पहिले मी गयी. हाऊ काठवर रडत बसेल व्हता."

अनंतरावांचा चेहरा तापला. "खो... खोटी. मी. मी पहिले."

"हां, निकली ना आवाज. भाऊ, तुले चिडवाले मानूस लागस."

सुनंदाबाईंनी कार्डांचा गठ्ठा बाजूला सारला. आपण कुठं चुकलो ते त्यांना कळलं होतं. मेंदूच्या बाह्यपटलातल्या दोन पेशी एकत्र जाग्या झाल्या की त्यांच्या सांध्यावर एक पुसट खूण उमटते. ती लगेच विरते. पण तेवढ्यात मेंदूच्या खोल भागातून डोपामाइन, नॉरअॅड्रेनॅलिन अशी द्रव्यं झिरपली, तर खूण पक्की होते. जणू कुणी सांगतं, हे कामाचं आहे, ठेवा. अपेक्षा चुकली, राग आला, मजा वाटली, की ती द्रव्यं येतात आणि डोळ्यांच्या बाहुल्याही रुंदावतात. बंद दाराआडच्या गाय-कपात यातलं काहीच नव्हतं. हे सगळं त्यांनी फळ्यावर कितीदा समजावलं होतं आणि घरात मात्र शांतता पाळली होती.

दुसऱ्या दिवसापासून दार उघडं राहिलं. सुनंदाबाई मुद्दाम चुकीचं बोलू लागल्या. सुरुवातीला जीभ रेटेना.

"तापी बंगालच्या उपसागराला मिळते," त्या चहा गाळत म्हणाल्या.

"अ... अरबी."

"कोकिळावन्सं तुमच्याहून मोठ्या."

"धाकटी. नाटकी."

बरोबर आलेला शब्द त्या लगेच हसून पुन्हा म्हणवून घेत. हळूहळू शब्द दुपारपर्यंत टिकू लागले, मग दुसऱ्या दिवसापर्यंत.

एका रविवारी फोन वाजला. आज सुनंदाबाईंनी विचार करून वाक्य निवडलं होतं. चुकलं तर अनंतराव दुरुस्त करतील, एवढा भरवसा आता आला होता. पण हे वाक्य चुकायचं नाही, असंच त्यांना वाटत होतं. तापीकाठचा माणूस तापी सोडून कुठं जाणार?

"प्रकाश," त्या म्हणाल्या, "बाबा इथंच राहणार म्हणतात."

"चूक," मागून आवाज आला.

अनंतरावांनी डावा हात पुढं केला. सुनंदाबाईंनी रिसीव्हर दिला.

"इंदूरले येतो आम्ही," अनंतराव एकेक शब्द ठेवत म्हणाले. "तुनी माय थकनी."