डाव्या पायाचा अर्धा इंच

ज्याची निम्मी हयात बसच्या गर्दीत स्टिअरिंग धरून गेली, त्याला चार पायांच्या साध्या खुर्चीत घाम फुटावा म्हणजे कमालच. पण ड्रायव्हरला फुटला होता. तो जन्माने इथला, बायको बाहेरून कामाच्या परवान्यावर आलेली. परवाना संपत आला होता. नागरिकाची बायको म्हणून कायम राहायचा कागद हवा, तर लग्न खरं आहे हे या ऑफिसला पटवायचं. दोघांना वेगवेगळं बसवून तेच प्रश्न विचारतात. उत्तरं जुळली तर ठीक, नाहीतर बायकोने सामान बांधायचं.

आठवडाभर दोघांनी घोकंपट्टी केली होती. पडद्यांचा रंग, सासूचा गुडघा, टूथपेस्टची ट्यूब मधेच कोण दाबतं. बायको आत जाऊन आली, बाहेरच्या बाकावर बसली, आणि याचा नंबर लागला. पडदे झाले, गुडघा झाला, ट्यूबही त्याने कबूल केली.

"शेवटचं," अधिकारी बाई म्हणाल्या. "तुमच्या अंगावरची एखादी खूण?"

"अपेंडिक्सच्या ऑपरेशनची."

"ती त्यांनीही सांगितली. पायाचं काय?"

"पायाचं? दोन आहेत."

बाई हसल्या नाहीत. "एक आखूड आहे म्हणे. कुठला?"

ड्रायव्हरने खाली पाहिलं. पाय त्याचेच होते, पंचेचाळीस वर्षं त्याच्यासोबत होते. आखूड? घोकलेल्यात तर हे नव्हतं. ही घाबरून काहीबाही बोलली, की दुसऱ्याच कुणाचा पाय सांगून बसली? आणि तो दुसरा कोण? हो म्हणावं तर कुठला ते ठाऊक नाही, नाही म्हणावं तर बायको जाते. डोक्याचा नुसता भुगा झाला.

"नाही हो, बाई. दोन्ही सारखे आहेत," तो शेवटी म्हणाला.

बाईंनी पेन खाली ठेवलं आणि बायकोला आत बोलावलं.

"तुम्ही म्हणता डावा आखूड. हे म्हणतात, सारखे."

बायकोने मान खाली घातली. ती टेलर होती. "यांना माहीत नाही," ती हळूच म्हणाली. "माप घ्यायचं, पण गिऱ्हाइकाचं व्यंग बोलायचं नाही, कापडात जिरवायचं. शिवण शिकवताना आत्याने हेच सांगितलं."

"हे गिऱ्हाईक नाहीत, नवरा आहेत."

"आधी गिऱ्हाईकच होते."

तिने पर्समधून टेप काढला आणि खाली बसून त्याच्या पँटच्या दोन्ही दुमडी उलटून दाखवल्या. उजवी दीड इंच, डावी दोन.

"हे तर तुम्ही कालही शिवू शकला असता," बाई म्हणाल्या.

पण ड्रायव्हरचं तिकडे लक्षच नव्हतं. तो तोंड उघडं टाकून त्या दुमडीकडे बघत होता. "म्हणजे क्लच नव्हता?" तो म्हणाला. "माझी पँट डाव्या टाचेखाली सारखी फाटायची. मी बसच्या क्लचला शिव्या घालायचो. तीच शिवायला हिच्या दुकानात गेलो होतो. लग्नानंतर एकही फाटली नाही, तर मला वाटलं डेपोने क्लच बदलला."

बाईंनी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. असला बावळटपणा घोकून येत नाही, हे त्यांनाही कळलं असावं. त्यांनी फाइल ओढली आणि शिक्का मारला.

बाहेरच्या जिन्यावर बायको कागद छातीशी धरून रडत होती. ड्रायव्हरला आनंद व्हायला हवा होता, झालाही होता. पण पायरी उतरताना डावा पाय कुठे टेकवावा तेच त्याला समजेना. तीन पायऱ्यांत तो चक्क लंगडायला लागला.

"म्हणूनच सांगितलं नव्हतं," ती डोळे पुसत म्हणाली, आणि त्याच्या डाव्या बाजूला येऊन उभी राहिली.