कारल्याची चाचणी

"ताजी दिसली म्हणून आणली," ताटात कारल्याची भाजी वाढत राजश्री म्हणाली. "खाऊन तर बघा."

कृष्णात भाजीकडे पाहत राहिला. लग्न झाल्यापासून या घरात कारले शिजले नव्हते. त्याला त्याचा वासही सोसत नसे.

तळोज्याच्या एका रसायन कारखान्यात तो प्रयोगशाळेत काम करी. त्याला स्किझोफ्रेनिया होता आणि औषधांनी तो आटोक्यात होता. दर मंगळवारी, कामोठ्यातल्या घरी, बेडरूमचे दार लावून तो मोबाइलवर व्हिडिओ कॉलने समुपदेशक स्नेहलमॅडमशी बोले. अलीकडे आपले बोलणे तिसरे कुणी ऐकते असे त्याला वाटू लागले होते. त्याने ते मॅडमना सांगितले. "वाटलं की लगेच मानायचं नाही," त्या म्हणाल्या, "पुरावा शोधायचा." त्यांच्याकडून हे कळल्यावर डॉक्टरांनी मात्र डोस वाढवला. त्यामुळे त्याचे हात थरथरू लागले, आणि कारखान्याने त्याला प्रयोगशाळेतून उचलून गोदामात बसवले.

मग मॅडमनी सांगितल्याप्रमाणे त्याने पुरावा शोधला. गेल्या मंगळवारी तो मॅडमना, फक्त त्यांनाच, म्हणाला होता, "हल्ली कारलं खावंसं वाटतं."

"राजश्री, कारल्याचं मी तुला कधी बोललो?"

तिचा हात पातेल्यावरच थांबला.

"अहो, चोरून नाय ऐकलं मी. मॅडमनीच तुमच्या कॉलची लिंक दिलेली मला. मागे गोळ्या बंद करून तुम्ही उरणला जाऊन बसलेलात. मला किती टेन्शन!"

"आणि डोस वाढवला तेव्हा?"

"मी म्हटलेलं त्यांना, खरं सांगून टाकू. तर बोलल्या, आता सांगितलं तर ह्यांचा संशय पक्का होईल."

हे दुसऱ्या कुणाबद्दल असते तर कृष्णात मनापासून हसला असता.

"मंगळवारी विचारतो त्यांना."

"नका ना! परत संशय म्हणून लिहितील. वर त्यांनी सोडलं, तर दुसरं कोण बघणार तुम्हाला?"

त्याने ताट बाजूला सारले.

मंगळवारी स्नेहलमॅडम नेहमीसारख्या हसल्या.

"कृष्णात सर, कुणी ऐकतंय असं अजून वाटतं का?"

'हो' म्हटले तर डोस वाढणार होता. 'नाही' म्हटले तर किमान तो कमी होण्याची शक्यता होती.

"नाही," तो म्हणाला.

"छान! म्हणजे वाढवलेल्या डोसचा गुण आला. डॉक्टरांना सांगते, हाच चालू ठेवू."

भिंतीपलीकडे राजश्रीने सुटकेचा निःश्वास सोडला. कृष्णातला तो स्पष्ट ऐकू आला. तो खरा होता की भास, हे त्याने कुणालाच विचारले नाही.