लिंबाखालचा रूळ

मित्रांनो, मी पूर्णा स्टेशनातल्या रेल्वेमार्गातून बाद झालेला रुळाचा एक जुना तुकडा आहे. अंगावरून गाड्या धावत तेव्हा मला फक्त थरथरणे ठाऊक होते. आपल्याला आवाजही आहे, हे मानवत गावी आल्यावर कळले. निजामाच्या राजवटीत तिथल्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्यात, फाटकाजवळच्या लिंबाला मला टांगले.

दुपारच्या उन्हात कापसाचे तंतू तरंगत राहत. बायका तान्ही लेकरे कापसाच्या ढिगावर निजवत. फाटकावर पहारा करणाऱ्या चंद्रभान जमादारांना त्या मऊपणाची भीती वाटे. यंत्रात खडा अडकून ठिणगी उडाली तर? त्यांनी नेम घालून दिला. झोळ्या लिंबालाच बांधायच्या. फाटकाची किल्ली माझ्याशेजारच्या खिळ्याला. मी वाजलो की सगळ्यांनी लिंबाखाली यायचे. आठवडी बाजाराच्या आदल्या दिवशी तालीम होई.

"आज बी पळायचं का, मामा? आग कुठं हाय?" तिथे कामाला येणारी कासाबाई जमादारांना हसून विचारायची.

"न्हाई लागली तवाच पळून घे, बाई. लागल्यावर कोण शिकवायलंय?"

"सासू इचारती, जिनात जातीस का शर्यतीला!"

पौषात एकदा बोचरे वारे सुटले. कासाबाईने लेकराला गुपचूप ढिगावर निजवले. त्याच दिवशी आग लागली. मी वाजलो, फाटक उघडले, सगळे लिंबाखाली आले. कासाबाई मात्र धुराकडे धावली. जमादारांनी तिला अडवून मला वाजवायची हातोडी तिच्या हाती दिली.

"तू वाजवत राहा. आवाजाच्या रोखानं येतो मी."

ती रडत वाजवत राहिली. धुरात काही दिसत नव्हते. ऐकू येत होतो तो फक्त मी. शेवटी ओल्या घोंगडीत लेकरू घेऊन जमादार कापसाच्या गोदामाच्या दारातून बाहेर आले.

लेकरू वाचले. धूर मात्र जमादारांच्या छातीतच राहिला. होळीच्या आधी ते गेले.

पुढच्या हंगामात दसऱ्याला मला हळदकुंकू लागले, झेंडूची माळ चढली. तालीम मात्र थांबली. किल्ली मुनीमजींच्या खिशात गेली. झोळ्या एकेक करून आत सरकल्या. माझ्यावर गंज चढू लागला.

मित्रांनो, मला पुजू नका, वाजवा. काही घडलेले नसते तेव्हाच वाजवा.

जमादारांची लेक मनकर्णा कधीकधी येते. झेंडूची वाळलेली माळ बाजूला सारून एक ठोका देते. आवाज विरेपर्यंत ती गोदामाच्या दाराकडे बघत उभी राहते.

मीही बघतो.