एकतिसाव्या रांगेतलं लग्न

केल्टन स्टेट कॉलेजाचं फुटबॉल स्टेडियम मोठं करायचं ठरलं आणि पहिल्याच फटक्यात ते चार हजार माणसांनी लहान झालं. कारण साधं होतं. जुन्या बाकांवर माणशी सोळा इंच जागा पांढऱ्या रेघांनी आखलेली होती. पुढच्या नव्वद वर्षांत अलाबामातली माणसं खाऊनपिऊन चांगली वाढली, रेघा मात्र जागच्या हलल्या नाहीत. नव्या खुर्च्या एकवीस इंची, पाठीला टेकू, बाजूला हात ठेवायला दांडा. म्हणजे चोवीस माणसांच्या रांगेत आता अठरा. वर आणखी एक मजला चढवूनही बेरीज जमेना. कॉलेजाने याला ‘विस्तार’ म्हटलं, आणि लोकांच्या मागच्या बाजूकडे पाहता ते अगदीच खोटं नव्हतं.

चौदाव्या विभागातल्या एकतिसाव्या रांगेतून सहाजण जाणार होते. तिकीट खात्यातला ब्राइस पेटिग्रू टेप घेऊन मापं काढत आला आणि नेमका वर्लीन टॅगर्टपाशी थांबला.

“मिस वर्लीन, तुमची जरा भानगड आहे.”

“सदुसष्ट वर्षांत माझी एकही भानगड झालेली नाही रे बाबा. तीच तर खंत आहे.”

“सात आणि आठ नंबर ‘मिस्टर आणि मिसेस होलिस टॅगर्ट’ या नावावर आहेत. एका घरच्या जागा हलवायच्या नाहीत असा नियम आहे. पण तुमची आता दोन घरं. आठ नंबर होलिसकडे राहील. तुम्हाला वर, चव्वेचाळिसाव्या विभागात दिलीय जागा. दिव्याच्या खांबाच्या किंचित मागे.”

“किंचित?”

“खांब तसा बारीक आहे.”

वर्लीन आणि होलिस यांचा घटस्फोट होऊन एकोणीस वर्षं झाली होती. घर तिला मिळालं, होडी त्याला, आणि कुत्रा स्वतःच्या मर्जीने शेजाऱ्यांकडे गेला. तिकिटं मात्र दोघंही सोडेनात. न्यायाधीश स्वतः सव्विसाव्या रांगेतला. त्याला त्यांचं दुःख कळलं, त्याने दोघांना एकेक तिकीट दिलं. गावात कुणाला यात काही वावगं वाटलं नाही. नवरा सोडता येतो, पण मैदानाच्या ऐन मध्यावरची, पन्नास यार्डांच्या रेषेवरची जागा कुठला शहाणा सोडतो? तेव्हापासून हंगामात दर शनिवारी ती दोघं मांडीला मांडी लावून बसत आणि खेळाखेरीज अवाक्षर बोलत नसत. खेळावर मात्र वर्लीनची टकळी अखंड चाले: कोण पळाला, कोण आडवा झाला, पंच कुठे झोपला. होलिस समोर बघून “हं” म्हणे.

आठवडाभर ती कुणाची तरी आत्या, कुणाची तरी शेजारीण असे. शनिवारी ती सात नंबर होती. ते गेलं तर आपण नक्की कोण उरतो, हे तिला कळेना.

बुधवारी चर्चच्या तळघरातल्या जेवणाला अख्खी रांग जमली. नऊ नंबरवर बसणारे ब्रदर एल्मो तिथले धर्मगुरू. त्यांनी चिकनची तंगडी खाली ठेवली आणि तोंड पुसलं.

“उपाय सोपा आहे, वर्लीन. लग्न कर.”

“कुणाशी?”

“होलिसशी! अनोळखी थोडाच आहे?”

“ओळखीचा आहे म्हणूनच तर सोडला.”

पण खांब काही तिच्या डोळ्यांपुढून हटेना. दुसऱ्या दिवशी ती होलिसकडे गेली. तो ओसरीवर बसला होता. तिने मान खाली न घालता एका दमात सांगून टाकलं. “लग्न करायचंय. तू तुझ्या घरी, मी माझ्या. फक्त खुर्चीपुरतं.”

“बस. चहा घे,” असं म्हणत होलिसने बर्फाचा चहा ओतला. ग्लास होता तिथे नव्हे, त्याच्या शेजारी.

वर्लीन टेबलावरून ओघळणारा चहा बघत राहिली. “होलिस, चष्मा कुठाय तुझा?”

“त्याचा उपयोग राहिला नाही. कडेकडेचं दिसतं, मधे नुसता डाग. सहा वर्षं झाली.”

“मग मॅच कशी बघतोस?”

“तू सांगतेस की.”

“आणि मला वाटायचं, माझा छळ करायला येतोस!”

“तो आपला वरचा फायदा,” होलिस म्हणाला. “तू खांबामागे गेलीस तर मी एकटा तिथे बसून करू काय? आठ नंबर परत करणार होतो मी.”

वर्लीनला रडू आलं आणि त्याचा रागही आला. तिने फडकं घेतलं आणि टेबल गरजेपेक्षा जास्त जोराने पुसलं.

लग्न एकतिसाव्या रांगेतच लागलं. ठेकेदाराने काँक्रीट फोडण्याची यंत्रं दहा मिनिटं थांबवली. वऱ्हाडाच्या डोक्यावर बांधकामावरच्या पिवळ्या टोप्या, नवरीच्या नाकात सिमेंट. ब्राइसने लग्नाच्या दाखल्याची प्रत हातात पडेपर्यंत कुणाला हलू दिलं नाही. “मरेपर्यंत,” ब्रदर एल्मो म्हणाले, आणि तेवढ्यात यंत्रं पुन्हा सुरू झाल्यामुळे नवरानवरी काय बोलली ते देवालाच ठाऊक.

सप्टेंबरात पहिली मॅच झाली. खुर्च्या ऐसपैस. समोर धान्याच्या कोठाराएवढा पडदा, आणि असे कर्णे की दात हलावेत. आवाज घुमून घुमून त्यातला एक शब्दही कळत नव्हता. वर्लीन सांगत होती आणि होलिस हात कानाशी नेऊन “काय?” “काय?” करत होता. एवढा खटाटोप करून मिळवलेली जागा, आणि त्याच्यापर्यंत तिचा आवाजच पोचेना! शेवटी ती दांड्यावरून पुरती कलली, त्याचं डोकं जवळ ओढलं आणि कानाला ओठ लावून सांगू लागली.

नेमकी तेवढ्यात खेळाला विश्रांती पडली. अशा वेळी जोडप्यांना पडद्यावर पकडून मुका घ्यायला लावायची नवी टूम कॉलेजाने काढली होती. कॅमेऱ्याला वर्लीन सापडली. पडद्यावर दोन पांढरी डोकी एकमेकांना चिकटलेली दिसली आणि सारं स्टेडियम उभं राहून किंचाळलं.

होलिस ताडकन उठला. “काय झालं? आपला टचडाउन?”

वर्लीनने पडद्याकडे पाहिलं. तिथे तिचा कोठाराएवढा चेहरा लाल झाला होता. खेळाबाबत ती आयुष्यात कधी खोटं बोलली नव्हती.

“हो,” ती म्हणाली.

“कुणी केला?”

“सतरा नंबरने. बस आता.”

तो इतका खूष झाला की तिला पाच मिनिटं खरं सांगवेना. पण टचडाउनचे ते सात गुण जमवायचे कुठून? अखेर तिने पुन्हा त्याच्या कानाशी तोंड नेलं आणि पंचांनी तो टचडाउन रद्द केला म्हणून सांगितलं.

“काय?” होलिस तिचा हात घट्ट धरून ओरडला. “त्या मेल्याला दिसत नाही का?”

“नाही रे दिसत,” वर्लीन म्हणाली. हात मात्र तिने सोडवून घेतला नाही.