बादलीतलं जिरेनियम

आमच्या आईनं, कांताबाईनं, गच्चीवर रंगाच्या रिकाम्या बादलीत जिरेनियम लावलं होतं. त्याला फूल नावालाच. वास सगळा पानाला. पान बोटांत चोळलं की गुलाबाचा वास यायचा, त्यामुळं पाहुणे बादलीत गुलाब शोधायचे. आई त्यांना शोधू द्यायची.

आई गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी आमचे वडील, अण्णा, मला म्हणाले, "राजानंद, घरातलं काय बी मोडू दे. हे झाड मेलं न्हाई पाहिजे."

मी हो म्हणालो. माझं एम.ए. झालंय, त्यामुळं वेळ होता. मोबाईलवर वाचून काढलं. जिरेनियमला पाणी कमी लागतं, जास्त झालं की मूळ सडतं. म्हटलं, जालन्यात ही भीती नाही. नळ आठवड्यातून एकदा येतो, तोही विचार करत करत.

पण भेटायला येणाऱ्यांचं माझ्या लक्षात आलं नव्हतं. आमच्याकडं पाणी मोकळ्या हातानं फक्त मोठ्या मानाच्या माणसाला देतात. जो येई तो जय भीम करी, डोळे पुशी आणि गच्चीवर जाऊन कांताबाईच्या झाडाला तांब्याभर पाणी घाली. साळूआत्या तर आष्टीहून बाटली भरूनच आली.

"आमच्या हिरीचं हाये. कांताला गोड लागायचं."

"आत्या, ह्या झाडाला पाणी चालत न्हाई."

"मंग काय चहा पाजू?"

रडणाऱ्या बाईशी मुळांच्या सडण्यावर वाद घालता येत नाही. मी घालून पाहिला. ती जास्त रडली आणि उरलेली बाटलीही तिनं ओतली.

आईच्या नावानं वंदना घ्यायच्या, पुण्यानुमोदनाच्या दिवसापर्यंत खालची पानं पिवळी पडली. मी पुठ्ठ्यावर लिहिलं, 'कृपया पाणी घालू नये', आणि बादलीला लावलं. मस्तगडातल्या कचरूमामांनी ते मोठ्यानं वाचलं. "बराबर हाये, लोकांला काही कळत न्हाई," म्हणाले आणि तांब्या ओतला.

मग पाहुणे संपले. माझी बहीण प्रियाताई सासरी परत गेली. मी माती बदलली, पाणी बंद केलं. चार दिवसांनी बोट घालून पाहिलं तर चिखल. खोड बुडाशी काळं पडलेलं. मला टाकीचा संशय आला, मग शेजाऱ्यांचा. दुसऱ्या दिवशी सकाळी मी टाकीमागं दबा धरून बसलो. गुन्हेगार चपला काढून आला. अण्णाच होते. तांब्यातलं पाणी सावकाश, काठोकाठ घालत होते.

"अण्णा, मरू द्यायचं न्हाई असं तुम्हीच म्हणले व्हते."

"हां."

"मंग?"

अण्णा तीस वर्षं अंकुशनगरला कारखान्यात ऊस मोजायच्या काट्यावर होते. आईच्या किडन्या गेल्यावर डॉक्टरांनी दिवसाला अर्धा लिटर पाणी सांगितलं. अण्णांनी ते औषधाच्या टोपणानं मोजून दिलं. थेंब इकडंतिकडं नाही.

"शेवटल्या दिवशी एक घोट मागून राह्यली व्हती," अण्णा म्हणाले. "म्या म्हणलं, आजचं झालं. आता उद्या."

 

"डॉक्टरनंच सांगितलं व्हतं ना."

"बिलकुल बराबर सांगितलं व्हतं." त्यांनी तांब्या खाली ठेवला. "सकाळी इथं आलो की हे मागतंय असं वाटतं. मंग हात राहत न्हाई. मरंल का?"

"मरून राह्यलंय."

मी शेंड्याच्या दोन हिरव्या काड्या तोडल्या. "ह्या वाळूत लावतो. माझ्या खोलीत. कुलूप लावून."

"लाव. चावी मला दिऊ नको."

मी निघालो तरी ते बादलीपाशीच उभे होते.

"आन ह्याचं?"

मी काड्या खिशात ठेवल्या, तांब्या ड्रममधून भरला आणि त्यांच्या हातात दिला. त्यांनी ओतला. माती आता काही घेत नव्हती. पाणी काठावरून सांडून गच्चीभर पसरलं, आमच्या पायांखालून पावसाच्या पाण्याच्या नळीकडं गेलं.

अण्णांनी तांब्या पुन्हा पुढं केला. मी भरला.